चाळीस मिनिटांत लिहिलेला सीन

प्रिय ताई,

मी २७ वर्षांची आहे, भांडुपला राहते. सहा महिन्यांपासून एका मराठी मालिकेचे संवाद लिहिते. त्याआधी कॉलेजसाठी आणि मग आमच्या ग्रुपसाठी एकांकिका लिहायचे. एका एकांकिकेला सात-आठ महिने घ्यायचे. आता रात्री अकराला पटकथा येते आणि सकाळी नऊपर्यंत संवाद मेल करावे लागतात. आमच्या मालिकेची बँकच नाही, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोडच नाहीत, आज शूट झालेलं परवा दिसतं. फोन वाजला की छातीत धडधडतं. गुरुवारी टीआरपी येतो, त्या दिवशी जेवण जात नाही. तीन महिन्यांचे पैसे थकलेत. आई म्हणते, बँकेची परीक्षा दे.

पण गेल्या महिन्यात पावसाने गाड्या बंद पडल्या आणि सासूचं काम करणाऱ्या ताई सेटवर पोचल्याच नाहीत. सासू-सुनेच्या भांडणाचा सीन होता. फ्लोअर थांबलेला. दिग्दर्शकांचा फोन आला: फक्त सून आहे, स्वयंपाकघराचा सेट लागलाय, चाळीस मिनिटांत काहीतरी दे. मी लिहिलं की सून एकटीच ओट्याशी उभी राहून सासूच्या गोळ्यांची डबी भरते. सोमवार, मंगळवार, एकेक खण भरत जाते आणि भांडणात जे बोलायचं होतं ते डबीशी बोलते. रविवारचा खण ती रिकामा ठेवते. का, ते मला आजही माहीत नाही. सगळे म्हणाले, मालिकेतला आतापर्यंतचा सगळ्यात चांगला सीन. मलाही तसंच वाटतं, आणि त्याचीच भीती वाटते. दडपण नसेल तर मला चांगलं लिहिताच येणार नाही का? की हे दडपण अंगावर घेत राहिले तरच मी लेखक म्हणून वाढेन? माझी स्वतःची एकांकिका दीड वर्षांपासून चार पानांवर अडली आहे. काय करू?

(कृपया नाव छापू नये.)

*

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला 'तू' म्हणते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे आणि वाचताना सारखी तीच डोळ्यांपुढे येत होती. पहिल्या वाचनात मी तुझ्या धडधडीपाशी थांबले होते. दुसऱ्या वाचनात त्या गोळ्यांच्या डबीने मला धरून ठेवलं. म्हणून आधी डबीबद्दल बोलू. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

त्या चाळीस मिनिटांत काय काय नव्हतं ते आठवून बघ. सासू नव्हती, त्यामुळे भांडण नव्हतं. दुसरा सेट लावायला वेळ नव्हता. चॅनेलच्या क्रिएटिव्हला 'असं चालेल का' म्हणून विचारायला तुला सवड नव्हती, आणि 'हे बदला, ते वाढवा' म्हणायला त्यांनाही नव्हती. मग उरलं काय? एक बाई, एक ओटा, हातात एक वस्तू आणि तीन-चार मिनिटं. अगं, ही तर एकांकिका झाली. एकच जागा, एकच माणूस, मनातलं ज्याला सांगायचं तो समोर नाही म्हणून वस्तूशी बोलणं. हे तू वर्षानुवर्षं करत आली आहेस. त्या दिवशी पावसाने तुला तुझ्या स्वतःच्या अंगणात आणून सोडलं, आणि तिथे तुला वाट विचारावी लागली नाही. दीड वर्ष अडलेली एकांकिका लिहिता येत नाही म्हणतेस, आणि तिचीच दोन पानं तू चाळीस मिनिटांत लिहिलीस.

आणि ती डबी तेवढ्या वेळात सुचली असं मला अजिबात वाटत नाही. सात खणांची प्लास्टिकची डबी, प्रत्येक झाकणावर वाराचं नाव. अशी डबी तू कुठेतरी रोज पाहिलेली असणार. आजीची, वडिलांची, नाहीतर शेजारच्या काकूंची. ती कोण भरतं, भरताना तोंडाने काय पुटपुटतं, एखादी गोळी घरंगळून शेगडीखाली गेली की कसं वाकून बघतं, हे तुझ्या डोळ्यांत आधीपासून साठलेलं होतं. शिवाय त्या सुनेच्या तोंडी सहा महिने तू रोज शब्द घालत होतीस. ती कशावर गप्प बसते आणि कशावर फुटते, हे आता तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. पीक उभं होतं. त्या दिवशी फक्त कापणी झाली.

भांडुपला राहतेस म्हणजे शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांचे बॅनर नाक्यावर पाहिले असशीलच. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात असाच एक सामना मी भाचीला घेऊन पाहिला. सगळं नाट्यगृह कोकणातल्या चाकरमान्यांनी भरलेलं. एका बाजूला शक्तीवाले, म्हणजे जुन्या भाषेत कलगीवाले, ते शक्तीला मोठी मानतात. दुसऱ्या बाजूला शिवाला मोठा मानणारे तुरेवाले. एक शाहीर गाण्यातून पुराणातलं कोडं घालतो आणि आपली बारी आली की दुसऱ्याने गाण्यातूनच त्याचा उलगडा करायचा. ढोलकी चालू, लोक ओरडतायत, साथीदार तोंडाकडे बघतायत, घाम गळतोय. यापेक्षा मोठं दडपण कुठलं? सामना संपल्यावर मी मुद्दाम आत जाऊन शाहिरांना भेटले. ते दिवसा नोकरी करत होते. जाता-येता गाडीत पोथ्या वाचायच्या आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या शाहिरांकडे जाऊन बसायचं, असा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम होता. लोकांना त्यातली ती दोन मिनिटं तेवढी दिसतात.

आपल्याकडे समस्यापूर्ती नावाचा खेळ होता तोही असाच. सभेत कुणीतरी श्लोकाचा शेवटचा चरण द्यायचा, बहुतेक वेळा अगदी वेडावाकडा, आणि कवीने उरलेले तीन चरण तिथल्या तिथे रचून त्या वेड्यावाकड्या ओळीला अर्थ आणायचा. वृत्त ठरलेलं, शेवट ठरलेला. पण वृत्त ज्याच्या हाडात मुरलेलं असेल त्याच्यासाठीच हा खेळ. 'फक्त सून आहे, स्वयंपाकघराचा सेट आहे' हा तुला मिळालेला चौथा चरण होता.

आता माझी एक गोष्ट. मी एका वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत २९ वर्षं काढली. तिथे पान सोडायची वेळ ठरलेली असते. पान वेळेवर गेलं नाही तर छपाई लांबते, छपाई लांबली की टेम्पो चुकतो, आणि टेम्पो चुकला की त्या भागात सकाळी पेपर पोचत नाही. तुमचा फ्लोअर थांबतो तसंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री डेस्कवर बारा जणांच्या जागी आम्ही तिघं होतो. फोन मध्येच लागत, मध्येच मरत. आमचा एक वार्ताहर छातीएवढ्या पाण्यातून चालत आला आणि खिशातून ओल्या चिठ्ठ्या काढून टेबलावर वाळत घालू लागला. वाटेत अडकलेल्या लोकांनी त्याच्या हातात दिलेल्या. अमुक शाळेत आहे, सुखरूप आहे, घरी कळवा. अमुक बसमध्ये आहे, बरोबर दोन मुलं आहेत, काळजी करू नका. पान सोडायला पंचवीस मिनिटं होती आणि पहिल्या पानावर तसूभर जागा नव्हती. मी एका मोठ्या नेत्याची प्रतिक्रिया उचलून आत टाकली आणि तिच्या जागी त्या चिठ्ठ्या जशाच्या तशा लावल्या. नावं, ठिकाणं, मजकूर. वर मथळाही दिला नाही, सुचायलाही वेळ नव्हता. सकाळी अंक किती घरांत पोचला असेल कुणास ठाऊक. पण एवढ्या वर्षांत मी लावलेल्या हजारो पानांपैकी एखादं माझं म्हणायचं झालं तर मी तेच म्हणेन.

याच्या पुढचा भाग मी कुणाला फारसा सांगितलेला नाही. त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे मला साधा मथळा जमेना. पाच शब्द जुळवायला अर्धा तास लागायचा. घरी भांडी घासताना उगाच रडू यायचं. मला वाटलं, आपण आळशी झालो. मग मी आणखी जास्त पाळ्या मागून घेतल्या, म्हणजे परत तशी ठिणगी पडेल. पडली नाही. पुढची दोन वर्षं मी चिडकी, घाईची आणि सरधोपट पानं लावली. तुझ्या पत्रातल्या 'दडपण अंगावर घेत राहिले तर वाढेन का' या वाक्यापाशी मी म्हणूनच थबकले. मी हे करून पाहिलं आहे.

पुष्कळ वर्षांनी एक अभ्यास वाचनात आला तेव्हा मला माझाच हिशेब लागला. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या टेरेसा अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात कंपन्यांमधल्या १७७ माणसांकडून रोजच्या कामाच्या नोंदी लिहून घेतल्या. अशा ९,००० हून जास्त नोंदी जमल्या आणि २००२ मध्ये त्यांनी त्यातून काय दिसलं ते मांडलं. वेळेची फार ओढाताण होती त्या दिवशी लोकांना वाटत होतं की आज आपलं डोकं फार चाललं. नोंदी मात्र उलट सांगत होत्या. नवं सुचण्याचं प्रमाण त्या दिवशी घटलेलं होतं, दुसऱ्या दिवशीही आणि तिसऱ्या दिवशीही. याला अपवाद सापडले, आणि तेच तुझ्या कामाचे आहेत. दडपण असूनही ज्यांना सुचत होतं त्यांना आपण एका मोहिमेवर आहोत असं वाटत होतं. काम का महत्त्वाचं आहे ते त्यांना पटलेलं होतं, आणि दिवसाचा बराच भाग ते एकाच गोष्टीवर, कुणी मध्ये न येता, बसू शकत होते.

तुझी ती चाळीस मिनिटं मोहिमेची होती. अडचण एकच, ती सगळ्यांना दिसत होती, अख्खं युनिट तुझ्यासाठी थांबलं होतं आणि तुला त्रास द्यायला कुणी मोकळं नव्हतं. तुझ्या एरवीच्या रात्री तशा नसतात. सीन तीन लिहिताना सीन सातचा मेसेज, मध्येच उद्याच्या लोकेशनचा बदल, मध्येच 'ताई, प्रोमोसाठी एक ओळ द्या ना'. मिनिटं तितकीच असतात, पण तुकड्यांत फाटलेली.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की 'दडपण' हा एकच शब्द सगळ्यावर लावू नकोस. तुझ्या पत्रात कमीत कमी चार निरनिराळ्या गोष्टी या एका नावाखाली कोंबल्या आहेत.

एक आहे चौकटीचं दडपण. एपिसोड बावीस मिनिटांचाच, आउटडोअर मिळणार नाही, अमुक नट तीनच दिवस आहे, मेल नऊला गेलाच पाहिजे. याला मनापासून हो म्हण. खरं तर स्वतःहून थोडं आवळून घे. आजच्या एका सीनमध्ये कुणीही कुणाचं नाव घेणार नाही. आज सासू एकही प्रश्न विचारणार नाही, फक्त लसूण सोलत राहील. आज महत्त्वाचं वाक्य दाराआडून ऐकू येईल. रोज एकाच सीनला असा नियम लाव, कुणाला सांगूसुद्धा नकोस. सहा दिवसांत सहा सीन होतील, वर्षात तीनशे. एवढा रियाज एकांकिका लिहिणाऱ्या कुठल्या मुलीला मिळतो? तोही पैसे घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी तुझं वाक्य मुरलेली नटी बोलून दाखवणार! एखादा शब्द तिच्या जिभेवर अडला की तो का अडला ते तुला लगेच कळतं. मालिका हलक्या समजणारी माणसं तुझ्या ग्रुपमध्येही असतील. त्यांच्या बोलण्यामुळे ही संधी छोटी समजू नकोस.

दुसरी गोष्ट थकलेले पैसे. हे दडपण नव्हे, ही बाकी आहे, आणि बाकी मागायची असते. मालिकांच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पैसे द्यायची पद्धत सर्रास आहे, तेव्हा आधी करार काढून बघ की तुझे तीन महिने त्या मुदतीतले आहेत की तिच्या वरचे. वरचे असतील तर बिलांच्या तारखा आणि एपिसोडची संख्या लिहून साधा, सभ्य मेल टाक. फोनवर बोलणं झालं तरी नंतर तेच मेलवर लिही. अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, मालिका-नाटक-चित्रपट लेखकांची मानाचि ही मराठी संघटना आहे. सभासद हो. एकटीने मागताना आवाज कापतो, पाठीशी माणसं असली की कापत नाही. थकलेले पैसे सोसल्याने कुणाचीही कला वाढलेली मी पाहिलेली नाही.

तिसरी गोष्ट गुरुवार. तो आकडा गेलेल्या आठवड्याचा असतो आणि त्यात वेळेचा स्लॉट, समोरच्या चॅनेलवरचा महाएपिसोड, प्रोमो, क्रिकेटची मॅच असं कायकाय मिसळलेलं असतं. संवाद लिहिणाऱ्याचा वाटा त्यात असतो, पण तो वेगळा काढून कुणालाच दाखवता येत नाही. गुरुवारी दुपारी तू जेवून घे आणि मगच फोन बघ. हा सल्ला फार साधा वाटेल, तरी करून बघ.

चौथी झोप. इथे मी जरा कडक बोलणार आहे. १९११ साली मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले. ही हकीकत ऐकतच आपण सगळे मोठे झालो. त्या माणसापुढे मी हात जोडते. पण तो एका रात्रीचा प्रसंग होता. आपल्याकडे मात्र असल्या गोष्टी सांगून पोरापोरींना रोजच तसं जगायला लावतात, ताप असताना, रात्र-रात्र जागून, आणि वर 'कलेसाठी एवढं करावंच लागतं' असं ऐकवतात. तू ऐकू नकोस. पटकथा लिहिणाऱ्यांशी बोल. सगळे सीन नाही तर नाही, पहिले तीन तरी आठला पाठवा म्हणावं. त्यांनाही वरून उशीर होत असेल, तरी विचारून बघ. आणि अकराला आलीच, तर त्या वेळी फक्त वाच. प्रत्येक सीनच्या कडेला एकच ओळ लिही: 'ही काय लपवतेय?' मग झोप. पाचला उठून लिही. रात्री मनात टाकलेला प्रश्न सकाळी अर्धा सुटलेला असतो, हा माझा रात्रपाळीतला अनुभव आहे, आणि रात्री दोनला लिहिलेलं सकाळी पुन्हा लिहावं लागतं हाही.

आता धडधड. प्रयोगाच्या आधी विंगेत उभी असताना, तिसरी घंटा व्हायच्या आधी, तुझे हात गार पडत असतील, पोटात गोळा येत असेल. तिथे आपण त्याला आजार म्हणत नाही. तिथे तेच अंग आपल्याला पुढे ढकलतं. अॅलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेने २०१४ मध्ये यावर काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना चारचौघांत गायला, भाषण करायला, वेळ लावून गणितं सोडवायला सांगितलं. आधी काहींनी स्वतःला म्हणायचं 'मी शांत आहे', काहींनी म्हणायचं 'मला उत्साह वाटतोय'. उत्साह म्हणणाऱ्यांचं काम जास्त चांगलं झालं. धडधडणाऱ्या काळजाला एकदम गप्प बसवणं अवघड असतं. तेच धडधडणं उत्सुकतेचंही असू शकतं असं त्याला सांगितलं तर ते ऐकतं. फोन वाजला की 'आता काय झालं' याऐवजी 'बघू, चौथा चरण काय देतायत' असं म्हणून उचल. आठवडाभर खोटं वाटेल.

पण हे फक्त फोनच्या धडधडीपुरतं. फोन नसतानाही धडधडत असेल, पहाटे दचकून जाग येत असेल, रोज सकाळी उठताना नको वाटत असेल, तर उत्साह वगैरे बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे. या दोन कारणांनीही छाती धडधडते आणि बायका ते वर्षानुवर्षं 'टेन्शन' म्हणून काढतात. मनाचं बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं.

राहिली तुझी चार पानांवरची एकांकिका. चाळीस मिनिटांचा प्रयोग तिच्यावर करू नकोस. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांना दोन खोक्यांतून बरोबर खोकं ओळखायला शिकवलं. चुकलं की विजेचा झटका. ओळखणं सोपं होतं तेव्हा झटका जितका जोराचा तितके उंदीर लवकर शिकले. ओळखणं अवघड केलं तेव्हा मात्र जोराच्या झटक्याने ते गोंधळले, बेताच्या झटक्यानेच नीट शिकले. आपण उंदीर नाही, पण एवढं मला माझ्या टेबलावरही दिसलं आहे: हातात बसलेलं काम दडपणाखाली वेग घेतं, नवं आणि अवघड काम दडपणाखाली जुन्याच रस्त्याने पळतं. सून तुझ्या हातात बसली आहे. एकांकिकेतली माणसं अजून बसलेली नाहीत, तू त्यांना ओळखतसुद्धा नाहीस, म्हणून ती चार पानांवर अडली आहेत. एकांकिकेला बेताचं दडपण दे. ग्रुपमधल्या दोघा-तिघांना एका रविवारी घरी बोलाव आणि चार पानं मोठ्याने वाचून दाखव. तारीख आजच ठरव. स्पर्धा नको, बक्षीस नको. चहा, पोहे आणि तीन माणसं कान देऊन ऐकतायत, एवढाच झटका पुरे. पाचवं पान त्या रविवारच्या आधी येईल, नाही आलं तरी चार पानं वाच.

आणि एक वही कर. तुमच्या मालिकेची बँक नाही, तुझी स्वतःची तरी असू दे. भांडुप स्टेशनवर, बायकांच्या डब्यात, दवाखान्याच्या रांगेत ऐकलेलं एक वाक्य आणि पाहिलेली एक वस्तू, रोज एवढंच. कुणी मुलीच्या लग्नाचे दागिने रुमालात बांधून मांडीवर घेऊन बसलेली असते, कुणी फोनवर नवऱ्याला 'भात लावून ठेव' सांगता सांगता रडत असते. हे मालिकेसाठी गोळा करू नकोस, एकांकिकेसाठीही नको. नुसतं ठेव. त्या दिवशी गोळ्यांची डबी मिळाली कारण ती कधीतरी ठेवली गेली होती. सहा महिने रोज काढत आली आहेस, भर मात्र पडलेली नाही. मला वाटतं, तुझी खरी भीती हीच आहे, तू तिला दडपणाचं नाव दिलं आहेस.

आईवर रागावू नकोस. गुरुवारी तुझं ताट तसंच राहतं ते ती बघते आहे, आणि बँकेच्या परीक्षेशिवाय दुसरं काय सुचवावं हे तिला माहीत नाही. तिला करार दाखव, थकलेल्या रकमेचा मेल दाखव. तू पैशांच्या बाबतीत जागी आहेस हे कळलं तर तिची निम्मी काळजी जाईल. परीक्षेचा फॉर्म भरायचा की नाही हे सर्वस्वी तू ठरव. फक्त ते गुरुवारी रात्री ठरवू नकोस.

तो सीन आता कराराने निर्मात्यांचा झाला असेल. डबी मात्र तुझीच आहे. सोमवार ते शनिवार भरून झाल्यावर त्या सुनेचा हात रविवारच्या खणावर का थांबला? त्या दिवशी सासू घरी नसणार आहे, की सून स्वतः नसणार आहे, की आणखी काही? तुला ते चाळीस मिनिटांत शोधायला सवड नव्हती. आता आहे. सापडलं की मला लिही, मी वाट बघते.

— ताई